'मराठी डॉक्टर कोण आहे?' : बेळगाव सीमाभागात मनाचे उपचार घेताना

बेळगावात माझं औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाईक शहरातलं आहेच, शिवाय खानापूर, हुक्केरी, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडचंही. चंदगडची माणसं महाराष्ट्रातून दवाखान्याला बेळगावात येतात आणि बेळगावची माणसं मनाच्या आजारासाठी गुपचूप कोल्हापूर-मिरज गाठतात. दोघांचा हिशेब एकच, ओळखीचं कुणी भेटायला नको.

मानसोपचाराची चिठ्ठी घेऊन आलेलं माणूस लगेच कळतं. चिठ्ठीला चार घड्या घातलेल्या असतात आणि दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत ते बाजूला उभं राहतं. मग आवाज उतरवून विचारतं, "मालक, ह्यातला मराठी डॉक्टर कोण हाय काय हो ओळखीचा?" माझी धाकटी बहीण बरीच वर्षं उपचार घेते. तिच्यासोबत मी कन्नड, मल्याळी, मराठी, हिंदी अशा सगळ्या बोलीच्या डॉक्टरांसमोर बसलोय. तिला विचारूनच हे लिहितोय.

त्या एका प्रश्नात खरं तर चार मागण्या असतात. बोललेलं कळणारा पाहिजे. घरची रीत फोड करून सांगावी न लागणारा पाहिजे. आपल्याला खालच्या नजरेनं न बघणारा पाहिजे. आणि बाहेर न बोलणारा पाहिजे. हे सगळं एका माणसात मिळतंच असं नाही. त्यातली कुठली मागणी आधी, हे घरानं ठरवलं की निम्मा शोध संपतो.

आधी पाटी वाचा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डिप्लोमा, डीएनबी केलेला डॉक्टर. पुढच्या दोन पाट्यांना गोळ्या लिहिता येत नाहीत, हा लिहू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो, चाचण्या घेतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असते आणि नंबर विचारला तर खऱ्या माणसाला राग येत नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कुणीही लावतो. त्यात चांगले आहेत, आणि पंधरा दिवसांचा वर्ग करून बसलेलेही आहेत. 'आपला मराठी माणूस आहे' एवढ्यावर शिक्षण विचारायचं सोडू नका. हर्नियाचं ऑपरेशन आपण गाववाला बघून करतो का?

भाषा कधी बघायची, कधी नाही

माणूस तीन-चार रात्री झोपलेला नाही, कानात आवाज येतात म्हणतोय, अंगावर धावतोय, खाणंपिणं सोडलंय किंवा 'आता जगून काय करायचं' असं बोलतोय, अशा वेळी मराठी डॉक्टर शोधत बसायचं नाही. जवळचा जो मानसोपचारतज्ज्ञ असेल तो. बेळगावात जिल्हा रुग्णालयाचं बिम्स आहे, नेहरूनगरला केएलईचं मोठं रुग्णालय आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेत ठरलेल्या दिवशी, बहुतेक मंगळवारी, मानसोपचाराची तपासणी असते. आधी फोन करून दिवस पक्का करा. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, डिम्हान्स. आमच्याकडं 'धारवाडला न्यायला झालंय' ही थट्टा म्हणून वापरतात, त्यामुळे म्हातारी माणसं नाव काढलं तरी बिचकतात. तिथं आज बाह्यरुग्ण विभाग आहे, माणूस दाखवून त्याच दिवशी घरी आणता येतो, हे त्यांना आधी सांगा.

विष घेतल्याची किंवा तसा प्रयत्न केल्याची गोष्ट पोलिसांच्या भीतीनं घरं लपवतात, 'चुकून तोंडात गेलं' म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं आणि त्याच्यावर उपचार करणं हे सरकारचं काम आहे. डॉक्टरांना खरं सांगा.

रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलि मानसचा, म्हणजे मनाच्या मदतीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला तोच वीस भाषांतली सोय धरून. भाषा विचारली की मराठी मागा. त्या क्षणी मराठीचं माणूस नसेल तर हिंदीवर भागवा, पण फोन ठेवू नका.

धोका टळला, गोळ्या लागू पडल्या, आता आठवड्याला बसून बोलायचंय. इथून भाषेला खरी किंमत येते. घरात कुठली भाषा बोलतात हे बघू नका, पेशंट कुठल्या भाषेत भांडतो ते बघा. आमच्या भागात एकाच घरात आजी फक्त मराठी, मुलगा मराठी-हिंदी, गोकाकची सून माहेरची कन्नड आणि नातू इंग्रजी शाळेतला. आजारी सून असेल तर 'मराठी डॉक्टर पाहिजे' हा हट्ट कुणाच्या सोयीचा? तिला कन्नड बोलणारी बाई गाठून द्या. सासरच्यांना कळणार नाही अशा भाषेत तिला तासभर मोकळं होता आलं तर तो उपचाराचाच भाग समजा.

आपलाच माणूस

आपल्या समाजातला डॉक्टर मिळाला की फोड करून सांगायचं वाचतं. पावण्यांची बैठक, सोयरीक मोडणं, भाऊबंदकीतला बांध, दिंडीला निघालेला सासरा, घरात कुणाच्या अंगात येणं, यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. हा मोठाच फायदा.

पण ज्याला सगळं ठाऊक असतं तो विचारत नाही. वडगावातल्या एका विणकर घरातली तरुण सून, छातीत धडधड आणि हातापायाला मुंग्या अशी तक्रार घेऊन आपल्याच समाजातल्या एका समुपदेशक बाईंकडं गेली. बाईंनी प्रेमानं ऐकलं आणि सांगितलं, "आपल्यात पहिली चार वर्षं असंच असतं, जरा सांभाळून घे." मग ती एका कन्नड डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांना यंत्रमागाच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मोडक्या मराठीत विचारायला सुरुवात केली. पहाटे पहिलं कोण उठतं? माग किती वाजता सुरू होतो? त्या आवाजात झोपायचं कुठं? जेवायला तू कितवी? तिनं सांगितलं, सगळ्यांचं उरकून, बहुतेक उभ्यानं. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काय त्यात, असंच सगळ्यांना वाटत होतं. धडधडीच्या गोळीइतकंच झोपेची जागा बदलणं आणि बसून जेवणं तिच्या उपचारात आलं. नवऱ्याला बोलावून तसं सांगितलंही.

अमेरिकेत कॅब्राल आणि स्मिथ या संशोधकांनी २०११ साली या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. आपल्याच वंशाचा समुपदेशक असावा असं लोकांना वाटतं, तो आवडतोही, हे त्यात दिसलं. पण उपचारानं बरं किती वाटलं हे मोजल्यावर आपला आणि परका यांत जवळजवळ फरक उरला नाही. तिथला प्रश्न वंशाचा, आपला भाषेचा आणि जातीचा, म्हणून ते आकडे इथं जसेच्या तसे लावू नयेत. तरी काउंटरवरून मला दिसतं ते याच्या फार वेगळं नाही.

दुसरी अडचण, बेळगाव एवढंसं. शहापूरच्या डॉक्टरची मेहुणी अनगोळात आणि तुमची भाची त्याच घरी दिलेली. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ नं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, पण तुमचा जीव कायद्यानं थंड होत नसेल तर ओळखीतला नकोच. लग्नाच्या पोरी असलेल्या घरांना मी सरळ सांगतो, समाजाबाहेरचा बघा.

आणि 'मराठी' म्हणजे सगळे सारखे, असंही नाही. आपल्याकडं दवाखान्यात पहिला प्रश्न नावाचा, दुसरा आडनावाचा आणि तिसरा 'गाव कुठलं, कुठली गल्ली' हा. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. दलित वस्तीतून आलेल्या पोराला गल्लीचं नाव सांगताना काय वाटतं, ते त्याच्या बापाला विचारा. कॉलेजात, नोकरीत जातीवरून झालेला अपमान त्यानं सांगितला आणि समोरचा मराठी समुपदेशक "तू फार मनाला लावून घेतोस" म्हणाला, तर भाषा एक असून काय उपयोग? तसंच मराठी बोलणाऱ्या मुसलमान घराचं, खानापूर-जांबोटीकडच्या धनगर गवळ्यांचं, कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांचं. सीमाभागात आपण अल्पसंख्याक म्हणून गाऱ्हाणं सांगतो, आणि आपल्यातल्या थोड्यांचं गाऱ्हाणं आपल्यालाच ऐकू येत नाही.

सीमाप्रश्न खोलीत आला तर

१ नोव्हेंबरला निम्मं शहर राज्योत्सव करतं आणि निम्मं काळा दिवस पाळतं. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन. सुप्रीम कोर्टातला सीमेचा दावा २००४ पासून चालू आहे. हे सगळं आपल्या घरात जेवताना बोललं जातं, मग ते मनाच्या दवाखान्यातच येणार नाही असं कसं होईल?

एका घरचा मुलगा काळ्या दिवसाच्या फेरीला गेलेला. पुढं पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. तेव्हापासून दारावर थाप पडली की दचकायचा, रात्री कडी दोनदा तपासायचा. आईवडिलांनी कन्नड डॉक्टरांपासून हे लपवलं आणि 'अभ्यासाचं टेन्शन' म्हणून सांगितलं. उपचार अभ्यासाच्या टेन्शनचे चालले. शेवटी पोरानंच एकदा तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, "त्या प्रश्नावर माझं मत वेगळं असेल, ते इथं नको. थाप पडल्यावर तुझ्या अंगात काय काय होतं, ते सांग." असा माणूस मिळाला तर सोडू नका, तो कुठल्या का भाषेचा असेना.

उलटही बघितलंय. सीमेपलीकडच्या एका डॉक्टरांकडं घर गेलं, तर त्यांना बेळगाव म्हटल्यावरच भरून आलं. 'तुम्ही सीमावासी काय सोसता हो' म्हणून अर्धा वेळ त्यांनीच बोलून काढला. पोराचा बाप रोज पिऊन येत होता, ते सांगायचं राहूनच गेलं. सगळ्या दुखण्याला झेंडा लावायची खोड दोन्हीकडं आहे. हे ओळखायची खूण अशी, की डॉक्टर तुमच्या भागाबद्दल बोलतोय की तुमच्याबद्दल विचारतोय.

परक्या भाषेच्या डॉक्टरबद्दल मनात शंका असेल तर पहिल्याच भेटीत काढून टाका. "साहेब, आम्ही मराठी माणसं, कन्नड मोडकंतोडकं येतं. मध्येच हिंदीत शिरलो तर चालेल का?" एवढं पुरतं. उत्तरातले शब्द विसरलात तरी चालतील, तोंडावरचे भाव लक्षात ठेवा.

जायच्या आधी एक कागद करा

डॉक्टरांना वेळ थोडा असतो आणि आपण भांबावलेले. म्हणून लिहून न्या. त्यात 'डिप्रेशन', 'अँक्झायटी' असले शब्द घालू नका, ते डॉक्टरांचं काम. पेशंट बोलतो तसंच लिहा: डोस्क्यात भणभण करतंय, अंगाची आग होते, जीव घाबरा होतो, कशात मन लागंना. आपल्याकडं मनाचं दुखणं बऱ्याचदा अंगातून बोलतं. नवख्या डॉक्टरला ते नुसतं पित्त वाटू शकतं, म्हणून सोबत कधी होतं, किती वेळ टिकतं आणि त्या वेळी घरात काय चाललेलं असतं तेही टिपा.

खानापूर तालुक्यातल्या एका बाईंनी मला दाखवलेला कागद मी विसरलेलो नाही. वेगळं काही लिहायचं त्यांच्या अंगात बळ नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पानच फाडून आणलं होतं. झोप न लागलेल्या रात्रीच्या चौकटीत पेन्सिलीनं फुली. डोकं फार दुखलं तर फुलीला वर्तुळ. सासूचं म्हणणं, हे अमावस्येला होतं. पान डॉक्टरांपुढं ठेवलं. डॉक्टर केरळचे, शिकाऊ, मराठीचं अक्षर वाचता न येणारे, पण फुल्या त्यांना वाचता आल्या. अमावस्येची चौकट मोकळी होती. फुल्या दर आठवड्याला एकाच वाराच्या आदल्या रात्री. त्या वारी काय असतं विचारल्यावर बाई गप्प, आणि मग म्हणाल्या, "हप्तेवाला येतोय." महिला गटाचं कर्ज, तीन ठिकाणचं, त्यातलं एक दिराच्या नावानं फेडत होत्या आणि घरात कुणाला माहीत नव्हतं. वसुलीच्या जाचाविरुद्ध कर्नाटकानं २०२५ च्या फेब्रुवारीत अध्यादेश काढला, तो अशाच घरांसाठी. गोळी बदलली नाही, पण सामाजिक कार्यकर्तीला खोलीत बोलावलं गेलं.

त्याच कागदाच्या मागं, घरच्यांना हा आजार कशानं झाला असं वाटतं, तेही लिहा. लाजू नका. आर्थर क्लाइनमन नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९७० च्या दशकात डॉक्टरांना हेच विचारायला शिकवलं: तुम्ही या दुखण्याला काय म्हणता, कशानं झालं असं वाटतं, तेव्हाच का सुरू झालं, सगळ्यात भीती कशाची वाटते. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेनं २०१३ च्या निदानपुस्तिकेत अशा सोळा प्रश्नांची मुलाखतच छापली. आपला डॉक्टर विचारत नसेल तर आपण होऊन सांगायचं.

करणी, नजर, बाहेरची बाधा, सौंदत्तीच्या यल्लम्माचा राहिलेला नवस, जोतिबाला बोललेलं, दर्ग्यावरचा दोरा, देवऋषाकडं दिलेले पैसे, सगळं सांगा. आणि वैद्यानं दिलेली पुडी तर पिशवीतून घेऊनच जा, कारण तिच्यात काय आहे हे कळल्याशिवाय त्यावर गोळी देणं धोक्याचं असतं. यावर डॉक्टर हसला, किंवा "शिकलेली माणसं तुम्ही" म्हणून खेकसला, तर पुढच्या खेपेला घर त्याच्याशी खोटं बोलणार हे नक्की. चांगला डॉक्टर म्हणतो, "नवस फेडा, गोळी पण चालू ठेवा." माझ्या मते शिक्षणाखालोखाल डॉक्टरची परीक्षा इथंच होते.

मध्ये बोलणारा

भाषा जुळत नसेल तर कुणीतरी मध्ये लागतं. तो कोण असावा यावर घरं विचारच करत नाहीत. जो येईल तो. नातवाला शाळा बुडवून नेतात. आजी तीन मिनिटं बोलते, मेलेल्या लेकीचं, विकलेल्या शेताचं, आणि नातू डॉक्टरांकडं वळून म्हणतो, "निद्दे बरल्लंत." झोप येत नाही म्हणे. त्याचा दोष नाही, त्याला आजीचं रडणं उचलून दुसऱ्या भाषेत ठेवता येत नाही, आणि त्या वयात ते ठेवायला लावूही नये. पोरांना या कामाला नेऊ नका.

बायकोच्या बाबतीत नवरा नको, सुनेच्या बाबतीत सासू नको. दारावरचा कंपाउंडर तर नकोच. दवाखान्यात मराठी येणारी नर्स किंवा समाजसेविका आहे का, ते केसपेपर काढतानाच विचारा. बेळगावात बहुतेक ठिकाणी कुणीतरी असतं, फक्त मागावं लागतं. नातेवाईकच बसणार असेल तर बाहेर व्हरांड्यात त्याला बजावा: थोडं थोडं सांगायचं, ती 'मी' म्हणाली तर तूही 'मी'च म्हणायचं, शिवी दिली तर शिवी सांगायची, आणि आपल्या पदरचं घालायचं नाही. डॉक्टर मध्ये बसलेल्याकडं बघून बोलायला लागले तर हळूच म्हणा, "साहेब, तिच्याकडं बघून बोला, मी सांगतो."

हे उपकार म्हणून मागायचं नाही. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २२ प्रमाणं आजार काय, उपचार काय, गोळ्यांचे त्रास काय, ही माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत मिळणं हा हक्क आहे. कलम १८ प्रमाणं धर्म, जात, संस्कृती, राजकीय मतं यावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. कलमं तोंडावर फेकायची गरज बहुतेक पडत नाही. पण संमतीचा कागद कन्नडात किंवा इंग्रजीत पुढं आला तर वाचून, सांगून घेतल्याशिवाय सही करू नका. एवढ्या बाबतीत भीड धरायची नाही.

पहिल्या एक-दोन भेटींत

समुपदेशनाचं शिक्षण मुख्यतः पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेलं. त्यात पेशंट एकटा आत, घरचे बाहेर. आपल्या घरांत आजारी पडतो एक आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढतात पाच. दोन्हीत तथ्य आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून पेशंटसोबत राहायला लावलं, आणि माणसं लवकर घरी जाऊ लागली. घर सोबत घेणं ही आपल्या देशातल्या मानसोपचाराची जुनी रीत आहे, ती मागासपणाची खूण नव्हे.

म्हणून डॉक्टरांना विचारा, एकट्याशी बोलणं किती वेळ आणि घरच्यांशी कधी. एकट्याचं बोललेलं घरच्यांना सांगणार का? थोरल्या भावाला विचारल्याशिवाय आमच्याकडं काही ठरत नाही, त्याला कधी बोलावू? पोरगी म्हणते नोकरी सोडून घर बघ असं सगळे म्हणतात, तुमचं काय म्हणणं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार झटकन आलं, मग ते 'घर बघ' असो की 'घर सोड' असो, तर समजा की डॉक्टर स्वतःच्या घरची गोष्ट बोलतोय.

कलम १४ प्रमाणं पेशंटला आपला प्रतिनिधी कोण हे साध्या कागदावर लिहून ठेवता येतं. नवराच किंवा बापच पाहिजे असं नाही. बहीण, मैत्रीण, मामा, कुणीही सज्ञान माणूस चालतो. माणूस बरा असताना हे करून ठेवा.

पुण्याच्या समुपदेशकाशी फोनवर

शिकलेली पोरं आता ऑनलाइन पुण्या-मुंबईच्या मराठी समुपदेशकांशी बोलतात. भाषेची सोय होते, ओळखीची भीती जाते. फक्त तिकडच्यांना इकडचं मराठी कानाला वेगळं लागतं. आमच्या बायका 'मी गेलो, मी जेवलो' म्हणतात, बोलणं ठसक्याचं असतं, त्यावरून कुणी काही भलताच अर्थ लावण्याआधी 'आमच्याकडं असंच बोलतात' हे सांगून टाका. पुस्तकी मराठी बोलायच्या नादात पोरी निम्मं गिळतात, ते करू नका.

घरात एकांत नसतो. गच्ची, शेतातली खोप, उभी केलेली गाडी, काहीही चालेल. कणकुंबीकडं पावसात रेंज जाते, तेव्हा मधेच फोन तुटला तर पुढं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, विशेषतः माणूस फार खचलेला असेल तर. आणि अडीअडचणीला धावून येणारा इथला एक डॉक्टर हाताशी पाहिजेच. पुण्याचा माणूस रात्री दोनला इंजेक्शन द्यायला येणार नाही.

गोळ्या, बस आणि डॉक्टर बदलणं

कोल्हापूर, मिरज, किंवा खानापूरकडून जवळ म्हणून गोव्यात बांबोळीला उपचार चालू असतील तर एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. सीमेवर काही झालं की पहिल्या एसट्या बंद होतात. २०२२ च्या डिसेंबरात झाल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत झाल्या. अशा वेळी तारीख चुकते, गोळ्या संपतात, आणि आठ दिवसांत माणूस पुन्हा पहिल्यासारखा आजारी. घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या असाव्यात, आणि डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर तसं लिहून घ्यावं.

कोल्हापूरच्या नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी बेळगावात चालते. औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून मागा, म्हणजे कंपनी दुसरी मिळाली तरी अडत नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या देताना आम्हाला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. ती औषध निरीक्षकाला दाखवायची असते, गल्लीला नव्हे. नाव लागू नये म्हणून दुसऱ्याच्या नावावर चिठ्ठी आणणारे लोक आहेत, तसं करू नका, पुढं फाईल जुळत नाही. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर रक्त तपासायची तारीख बसबंदमुळं टाळू नका, ती तपासणी बेळगावात होते, रिपोर्ट फोनवर पाठवता येतो.

डॉक्टर पटला नाही म्हणून बदलायला हरकत नाही. पण दोन-तीन भेटी द्या, आणि आधी त्यालाच सांगून बघा: "तुम्ही देवाचं काढलं की हसता, आईला ते लागतं." पुष्कळ डॉक्टर सुधारतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तरी नाही जमलं तर सोडा. सोडताना गोळ्या मात्र आपल्या मनानं तोडायच्या नाहीत. नव्या डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत जुन्याच चालू. कलम २५ प्रमाणं आपल्या उपचाराचे कागद मागता येतात. साधा अर्ज द्या, झेरॉक्स घ्या. कागद मिळायला वेळ लागला तर संपलेल्या गोळ्यांची पाकिटं तारीख टाकून एका पिशवीत ठेवत चला, नवा डॉक्टर कुठल्याही भाषेचा असला तरी ती आधी मागतो.